जंताला फांद्या नसतात : एका मिटलेल्या फुफ्फुसाचं प्रकरण

(मुलीची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी घरच्यांना विचारलं आहे.)

जानेवारीतली रात्र. जेवून उठत होतो तेवढ्यात सिस्टरचा फोन आला, "सर, ऊसतोडीवाल्यांचं बाळ आलंय, सॅच्युरेशन ७२." आमच्या पट्ट्यात दिवाळीनंतर बीडकडची बिऱ्हाडं येतात, कारखान्याच्या आजूबाजूला कोप्या पडतात, आणि मार्चपर्यंत ओपीडीत निम्मी पोरं त्यांचीच असतात. धूर, थंडी, उघड्यावरची अंघोळ. खोकला असतोच. पण रक्तातला ऑक्सिजन ७२ टक्के म्हणजे खोकला नव्हे.

मुलगी सात वर्षांची, वजन १७ किलो. मुकादमाच्या जीपमधून आणलेली. आई-बाप फडातून तसेच आले होते, बापाच्या पायाला पाचट चिकटलेलं. सोबत आजी. एका पिशवीत चार एक्स-रे, रक्ताचे कागद आणि टीबीच्या गोळ्यांचं पाकीट. आधीच्या दवाखान्यात सहा दिवस काढले होते. तिथे डाव्या बाजूला पाणी झालं म्हणून दोनदा सुई घातली; पाणी आलं नाही. मग टीबी धरून गोळ्या सुरू झाल्या. बेडका किंवा जठरातला नमुना तपासल्याचा कागद कुठे दिसेना.

एक्स-रे दिव्यावर लावला. डावी बाजू वरपासून खालपर्यंत पांढरी. घाईत पाहिलं तर पाणीच वाटेल, त्यात त्या डॉक्टरांना मी हसणार नाही. रात्री दोन वाजता मीही तसं म्हटलं असतं. पण श्वासनलिका बघायची असते. छातीत पाणी भरलं की ते सगळ्याला पलीकडे ढकलतं. इथे उलटं होतं. श्वासनलिका डावीकडे ओढलेली, हृदय डावीकडे सरकलेलं, डाव्या फासळ्या एकमेकींना चिकटल्यासारख्या जवळ आलेल्या, आणि उजवं फुफ्फुस फुगून मधली रेषा ओलांडून आलेलं. पांढऱ्या बाजूने सगळं आपल्याकडे खेचलं होतं. म्हणजे तिथे काही भरलेलं नव्हतं, तिथून काही गेलेलं होतं. हवा. सोनोग्राफीचा प्रोब लावला तर पाणी थेंबभर नाही, फुफ्फुस यकृतासारखं घट्ट.

शब्दांचा घोळ इथेच मिटवतो. 'लंग कोलॅप्स' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि आपली वर्तमानपत्रं दोन्हीला 'फुफ्फुस निकामी' म्हणतात. एकात फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर छातीत साठते आणि फुफ्फुस दाबलं जातं. तिथे नळी घालून हवा काढायची. दुसऱ्यात आत येणारी वाटच बुजते. आत अडकलेली हवा रक्त हळूहळू शोषून घेतं आणि फुफ्फुस पुरचुंडीसारखं मिटतं. नळी घालून उपयोग नाही, वाट मोकळी करायला हवी. लहान मुलांत हे झपाट्याने होतं, कारण मोठ्यांच्या फुफ्फुसात शेजारच्या भागातून हवा चोरवाटांनी येऊ शकते; मुलांत त्या वाटा पुरत्या तयार झालेल्या नसतात. आणि गंमत अशी की भरपूर ऑक्सिजन लावला तर मिटणं आणखी लवकर होतं. साध्या हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा जात नाही, तोच आत टेकू देऊन उभा असतो. शुद्ध ऑक्सिजन मात्र सगळा शोषला जातो. अर्थात ७२ च्या मुलीला ऑक्सिजन लावायचा नाही असं कोणी म्हणणार नाही.

मग वाट कशाने बुजली? आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. शेंगदाणा. नाहीतर चिंचोका, सीताफळाची बी, जानेवारीत हरभऱ्याचे घाटे. मी विचारलं, "आजी, हिने काही खाताना ठसका लागला होता का?" आजी म्हणाली, परवा फडाच्या कडेला घाटे खात होती. झालं. माझ्या डोक्यात निदान पक्कं झालं. ईएनटीच्या मित्राला फोन लावला. दुर्बिणीतून दाणे काढण्यात त्याचा हात बसलेला आहे. सकाळी सातला थिएटर ठरलं.

दोन गोष्टी खटकत होत्या आणि त्या मी बाजूला सारल्या, हे कबूल करतो. परवा घाटे खाल्ले, पण मुलगी तर तीन आठवड्यांपासून आजारी होती. आणि फ्रॉकची बटणं काढली तेव्हा छातीच्या बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत, जुना व्रण होता. विचारलं तर बाप म्हणाला, "काळजाला छिद्र होतं, ते बुजवलं." एवढंच. छिद्र बुजवलं म्हणजे विषय संपला, असं त्यालाही वाटत होतं आणि त्या क्षणी मलाही.

पण छिद्र बुजवलेल्या मुलीची नखं निळी आणि फुगीर का असावीत?

रात्री साडेअकराला वॉर्डात परत गेलो ते याच प्रश्नासाठी. आईला विचारलं, "ऑपरेशन एकच झालं होतं?" ती म्हणाली, "दोन. एक अंगावर पीत होती तवा, एक बालवाडीत असताना." कागद गावाकडे पत्र्याच्या पेटीत. चुलत्याला फोन लावायला सांगितला.

तेवढ्यात आजीने कनवटीची मिसरीची डबी काढली. मला वाटलं, आता इथे मिसरी लावतेय की काय. तिने झाकण उघडून माझ्यापुढे धरली. "सायेब, हे बगा. जंत पडायलेत हिच्या खोकल्यातून. तिथं बी दाखीवलं, त्यांनी जंताची गोळी दिली. तीनदा दिली."

तिचं म्हणणं वेडगळ नव्हतं. पोटातला मोठा गोल जंत कधीकधी खरंच तोंडावाटे पडतो. कोपीवर राहणाऱ्या पोरीच्या खोकल्यातून लांब, पांढरं काही पडलं तर जंताची गोळी देणारा डॉक्टर मूर्ख नसतो. डबीतलं ते मात्र अर्धवट सुकून गोळा झालेलं होतं, शेवयांच्या तळाशी चिकटलेल्या गाठीसारखं. रंग मळकट पांढरा. मी ते सलाईन ओतलेल्या वाटीत सोडलं आणि चहा प्यायला गेलो.

वीसेक मिनिटांनी परत आलो तर ते वाटीत उघडलं होतं. एक जाड दांडा, साधारण पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडा जाड. त्याला दोन फांद्या. प्रत्येक फांदीला आणखी दोन. टोकांना केसासारखे धागे, पाणी हललं की हलणारे. दांड्यावर नखाने दाबलं तर रबरासारखं लागलं. फुफ्फुसातल्या श्वासनलिकांचा एक छोटा फाटा, आतून साचा काढल्यासारखा, वाटीत तरंगत होता.

जंताला फांद्या नसतात.

या आजाराचं नाव प्लास्टिक ब्राँकायटिस. प्लास्टिकशी संबंध नाही. ज्याच्यात ओतावं त्याचा आकार घेतं म्हणून ते नाव. श्वासनलिकांमध्ये चिकट द्रव पाझरतो, थिजतो आणि त्यांचाच ठसा घेऊन बसतो. बसला की त्यापुढचं फुफ्फुस मिटतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पाहिलं नव्हतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णाने खोकून टाकलेल्या लालभडक 'झाडा'चा फोटो जगभर फिरला होता, तो अनेकांना आठवत असेल. ते वेगळं. त्या ३६ वर्षांच्या माणसाचं हृदय निकामी होत होतं, रक्त पातळ करायचं औषध चालू होतं, आणि ते उजव्या फुफ्फुसातल्या श्वासनलिकांच्या आकारात गोठलेलं रक्त होतं. आमच्या वाटीतलं पांढरं होतं.

पांढरं असणं महत्त्वाचं. मायकेल सीअर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नऊ मुलांवरून या साच्यांचे दोन गट पाडले. एक दाहाचा : दमा, अ‍ॅलर्जी, जंतुसंसर्ग यांत होणारा, पेशींनी गच्च भरलेला. दुसऱ्यात पेशी जवळपास नसतात, नुसता श्लेष्मा. तो प्रामुख्याने जन्मजात हृदयविकाराच्या मुलांत दिसतो. विभागणी कागदावर आहे तितकी स्वच्छ नसते, पण मधोमध व्रण असलेल्या मुलीच्या बाबतीत तिने दिशा दिली.

पावणेएकला चुलत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर डिस्चार्ज कार्डाचा फोटो टाकला. घडीवर फाटलेलं, पण वाचता येत होतं. ट्रायकस्पिड अट्रेशिया. पहिली शस्त्रक्रिया ग्लेन, दुसरी फॉन्टन. घरी जाताना सॅच्युरेशन ९०. अडीच वर्षांपूर्वीची तारीख. खाली गोळ्यांची यादी. त्या गोळ्या दिवाळीच्या आधीच संपल्या होत्या.

छिद्र बुजवलेलं नव्हतंच. या मुलीच्या हृदयाची उजवी बाजू नीट तयारच झाली नव्हती. अशा मुलांत एकाच पंपावर भागवावं लागतं. तो पंप शुद्ध रक्त शरीराला पाठवतो, आणि परत येणारं अशुद्ध रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुफ्फुसाच्या धमन्यांना जोडून दिलं जातं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये हे पहिल्यांदा केलं आणि १९७१ मध्ये छापलं. जी मुलं आधी वाचत नसत ती आज कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात. पण फुफ्फुसाकडे रक्त ढकलायला मागे पंप नसतो. ते जातं नुसत्या शिरांमधल्या दाबावर. त्यामुळे तो दाब कायमचा चढलेला राहतो, आणि त्याची किंमत कुठेतरी फुटते. कोणाच्या यकृतात, कोणाच्या आतड्यात, आणि फार थोड्यांच्या, शंभरात चारांच्या किंवा त्याहूनही कमी जणांच्या, श्वासनलिकांत.

हृदयाचा दाब श्वासनलिकेत कसा फुटतो, हे मी बापाला सांगताना पाण्यावरच आलो. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय आणखी एक जाळं असतं, लसिकेचं. ऊतींमध्ये झिरपलेलं पाणी, प्रथिनं, आतड्यातून आलेली चरबी गोळा करून ते मानेच्या बुडाशी मोठ्या शिरेत नेऊन सोडायचं. शेतातली चारी जशी ओढ्याला मिळते. आता ओढ्यालाच फुगवटा आला तर? सांगलीकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली तेव्हा नाल्यांतून पाणी उलटं गल्लीत शिरलं होतं. तसंच. शिरेतला दाब चढला की लसिका उलटी फिरते, आणि काही जणांच्या छातीतल्या लसिकावाहिन्यांची रचना अशी असते की ती फुफ्फुसात शिरून श्वासनलिकांच्या भिंतीतून आत गळते. बाप ऐकत होता. म्हणाला, "म्हंजी रोग छातीत नाही, उतार चुकलाय." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

सकाळचं थिएटर ठरलेलंच होतं, पण आता भूलतज्ज्ञाची झोप उडाली. साध्या मुलाला भूल देताना यंत्राने हवा छातीत ढकलतो. फॉन्टनच्या मुलात छातीतला दाब वाढवला की आपसूक वाहणारं रक्तच फुफ्फुसात जायचं थांबतं. म्हणून भूलतज्ज्ञ बाईंनी ठरवलं की मुलीचा स्वतःचा श्वास थांबू द्यायचा नाही. हलकी भूल, स्वतःचा श्वास चालू, आणि एका वेळी थोडकाच वेळ दुर्बीण आत.

डाव्या मुख्य श्वासनलिकेच्या तोंडाशीच ते बसलेलं होतं, बुचासारखं. दाण्याच्या चिमट्याने ओढलं तर तुटलं. ईएनटीचा मित्र पुटपुटला, "हे साबुदाण्याच्या खळीसारखं आहे रे." तीन वेळा आत-बाहेर, तीन तुकडे. मधल्या एका खेपेला सॅच्युरेशन ५८ वर गेलं आणि सगळे मुकाट उभे राहिलो. शेवटचा तुकडा सगळ्यात लांब होता. काळ्या कापडावर तिन्ही जोडून ठेवले तेव्हा ७ सेंटिमीटरांचं झाड झालं. संध्याकाळच्या एक्स-रेत वरचा भाग उघडला होता. खालचा उघडायला आणखी दोन दिवस लागले. पॅथॉलॉजिस्टने कळवलं : श्लेष्मा, तुरळक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी), इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पेशी) नाहीत, क्षयाचे जंतू नाहीत. जठरातल्या नमुन्याची टीबीसाठीची सीबीनॅट तपासणीही निगेटिव्ह आली. टीबीच्या गोळ्या बंद केल्या.

साचा काढला म्हणजे आजार गेला असं नाही, हे पाचव्या दिवशी पहाटे चार वाजता कळलं. यावेळी उजव्या बाजूचा खालचा भाग. थिएटरची वेळ आली नाही, कारण आमची फिजिओथेरपिस्ट जवळच राहते. तिने मुलीला डाव्या कुशीवर घेतलं, डोकं थोडं खाली, आधी तीन टक्के मिठाच्या पाण्याची वाफ, मग ओंजळ पालथी करून पाठीवर थापट्या. भाकरी थापताना येतो तसा पोकळ आवाज. दहा मिनिटं काही नाही. मग मुलगी एकदम ताठ झाली, चेहरा काळवंडला, घशात खरखर, आणि एका उबळीसरशी ट्रेमध्ये ते पडलं. मुलगी रडली, मग पाणी मागितलं. आजीने ट्रे आपल्याकडे ओढून आधी फांद्या मोजल्या.

औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण यात कोणाकडेच पक्कं शास्त्र नाही. आजार इतका विरळ की मोठ्या चाचण्या होत नाहीत. जो तो आपापल्या अनुभवावर चालतो. डॉर्नेज अल्फा टाळलं; ते मेलेल्या पेशींमधला डीएनए तोडतं, आणि हिच्या साच्यात पेशी जवळपास नव्हत्याच. हार्ट अटॅक आणि पक्षाघातात गुठळी विरघळवायला वापरतात ते अल्टेप्लेज मात्र वाफेतून तीन दिवस दिलं. त्याचा हा वापर ठरलेला नाही, हे घरच्यांना सांगून, सही घेऊन. उपयोग झाला असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. सिल्डेनाफिल पुन्हा सुरू केलं, फुफ्फुसाच्या वाहिन्या सैल राहाव्यात म्हणून. जेवणातलं तेल-तूप तोडलं, कारण आतड्यातली चरबी लसिकेतूनच वर चढते. त्याऐवजी एमसीटी (मध्यम साखळीच्या मेदाम्लांचं) तेल, जे लसिकेला वळसा घालून सरळ यकृताकडे जातं. इथे आमच्या एका कोकणातल्या सिस्टरने विचारलं, मग खोबरेल का नको? प्रश्न चांगला होता. खोबरेलातही मध्यम साखळीची मेदाम्लं असतात म्हणतात, पण त्यात भर असते लॉरिक आम्लाची, आणि त्याचा बराच वाटा लसिकेतूनच जातो. म्हणून नको.

पण उतार चुकला होता तो आमच्या दवाखान्यात दुरुस्त होणारा नव्हता. बाराव्या दिवशी मुंबईच्या एका मोठ्या केंद्रात पाठवलं. योजनेची मंजुरी, रुग्णवाहिका, मुकादमाची उचल अंगावर असताना बापाला सोडायचं की नाही यावर एक अख्खा दिवस गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एक जण गेला की कोयता मोडतो. शेवटी आई आणि आजी गेल्या, बाप फडातच राहिला.

तिथे कॅथेटर घालून शिरांमधला दाब मोजला : १७ (मिलिमीटर पारा). या शस्त्रक्रियेनंतर तो १५ च्या आत असावा अशी अपेक्षा असते. डाव्या फुफ्फुसाच्या धमनीत जोडाजवळ अरुंद जागा सापडली. फुग्याने रुंद करून स्टेंट बसवला, दाब १३ वर आला. लसिकेच्या एमआरआयमध्ये मानेकडे जायच्या ऐवजी डाव्या फुफ्फुसाकडे वळलेले फाटे स्पष्ट दिसले. असे फाटे आतूनच बंद करण्याची पद्धत फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात योआव डोरी आणि मॅक्सिम इट्किन यांनी बसवली. २०१६ मध्ये त्यांनी १८ रुग्णांचा अनुभव छापला, त्यातल्या १७ जणांवर हा उपाय केला आणि १५ जणांना चांगला फरक पडला. आकडा लहान आहे, पण या आजारात तोही मोठाच. आमच्या मुलीबाबत तिथल्या डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं : आधी दाब उतरल्याने किती भागतं ते बघू, साचे पुन्हा वाढले तर फाटे बंद करू. मला विचारलं असतं तर मी कदाचित लगेच करा म्हटलं असतं. पण जोखीम त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मी आजीला एकच काम दिलं होतं. खोकल्यातून काहीही पडलं की मिसरीच्या डबीत नाही, पाण्यात टाकायचं, काळ्या तव्यावर पसरायचं, शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नातवाकडून फोटो पाठवायचा. मार्चमध्ये अकरा फोटो आले. एप्रिलमध्ये चार. जूनमध्ये एक, नाण्याच्या निम्माही नसलेला, एकच फांदी. त्यानंतर दोन महिने काही नाही, आणि मग पोळ्याच्या दिवशी एक फोटो आला. तवा रिकामा, नाणं तेवढं ठेवलेलं.